घोरणारं मूल आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही काळात दातांच्या दवाखान्यांच्या जाहिरातींची भाषा बदलली आहे. पूर्वी पाटीवर 'वेडेवाकडे दात सरळ करून मिळतील' एवढंच असायचं. आता त्याच पाटीवर झोपलेल्या मुलाचं चित्र असतं आणि शेजारी मजकूर : जबडा रुंद करा, श्वास मोकळा करा, घोरणं कायमचं बंद. मोबाइलवर तर त्याच्याही पुढचं चालतं. कोणी जीभ टाळूला दाबून धरायला सांगतं, म्हणजे म्हणे चेहऱ्याची ठेवण बदलते. कोणी रात्री ओठांवर चिकटपट्टी लावायला सांगतं. कोणी घाबरवतं, की तारा लावण्यासाठी दात काढलेत तर मुलाचा श्वास कोंडेल. मी इचलकरंजीत दातांना तारा लावण्याचं काम करते. हे सगळे प्रश्न रोज कोणी ना कोणी माझ्यासमोर घेऊन बसतं, म्हणून हे पत्र. माझं नाव छापू नये, ही विनंती. मला पेशंट वाढवायचे नाहीत; एक गोष्ट पालकांपर्यंत आणि आरोग्य खात्यापर्यंत पोचवायची आहे.

ती अशी : जे मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरतं, फक्त सर्दी-पडशाच्या दिवसांतच नव्हे तर एरवीही घोरतं, त्याला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं पाहिजे. दातांचं नंतर. आणि जे मूल शांत झोपतं, नाकानं श्वास घेतं, त्याच्या जबड्याला श्वासाचं निमित्त करून कोणी हात लावू नये.

माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांची तक्रार दातांचीच असते, श्वासाची कधीच नसते. यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी करणारे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि आई असे तिघं आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. "दात लई पुढं आल्यात, वर्गातली पोरं चिडवत्यात," एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा खुर्चीत बसला तेव्हा त्याचे ओठ मिटत नव्हते. वरचा ओठ आखूड, खालचा कोरडा पडून भेगाळलेला, डोळ्यांखाली काळसर छटा. तोंडात पाहिलं तर टाळू उंच आणि अरुंद, एका बाजूला वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. झोपेत घोरतो का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "दमून झोपतंय ओ, दिवसभर उड्या मारतंय." आजी मात्र कौतुकानं म्हणाली, "आज्ज्यागत घोरतंय बगा. लई गाढ झोप हाय पोराला."

आपल्या घराघरांत हेच समजलं जातं. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. खरं तर घोरणं हा श्वासाची वाट अरुंद झाल्याचा आवाज आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वाट मुळात ऐसपैस असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठी वाढलेल्या असतील, घशात टॉन्सिल मोठे असतील, खालचा जबडा मागे असेल किंवा मानेभोवती चरबी असेल, तर ती वाट कंप पावते, मधूनमधून पूर्ण बंद होते. श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून झोप मोडतो, स्नायू ताठ होतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. मुलाला यातलं सकाळी काही आठवत नाही. रात्रभर हे चाललं तर मूल आठ-दहा तास अंथरुणात असतं, पण झोपलेलं नसतं. मोठ्या माणसाच्या झोपेत दर तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर डॉक्टर ते चालवून घेतात. लहान मुलात मात्र तासाला एकदा अडला तरी तपासावं लागतं. शंभरातल्या साधारण एक ते सहा मुलांना झोपेत श्वास अडण्याचा हा आजार असतो, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. मुलाच्या प्रत्येक आरोग्य तपासणीत 'घोरतो का' हे विचारलंच पाहिजे, असंही त्याच सूचनांत आहे.

मी त्या आईला आणखी विचारत गेले. उशी लाळेनं ओली होते का? होते. मान मागे टाकून झोपतो का? हो, आणि कितीदा सरळ केली तरी पुन्हा तसाच. घाम येतो का? थंडीतही येतो. शेवटचा प्रश्न मी मुलाला बाहेर पाठवून विचारला. ती जरा थांबली आणि म्हणाली, अजून अंथरूण ओलं करतो. शाळेतून तक्रार होती की मुलगा एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही. अपुऱ्या झोपेनं मोठी माणसं पेंगतात. लहान मुलं पुष्कळदा उलट चळवळी होतात. त्यामुळे 'दिवसभर उड्या मारतंय' हे मूल तरतरीत असल्याचं लक्षण मानलं जातं, आणि खोड्यांबद्दल मार बसतो तो वेगळाच.

मी त्यांना एक काम सांगितलं, तेच इथं सगळ्या पालकांना सांगते. पहाटे तीन-चारच्या सुमारास दिवा लावायचा, मुलाचं पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्यायचं आणि चेहरा व छाती दोन्ही दिसतील असा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. पहाट एवढ्यासाठी, की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि मुलांचा श्वास त्याच झोपेत अधिक अडतो. वडील रात्रपाळीला, म्हणून व्हिडिओ आईनं काढला. त्यात घोरण्याचा आवाज मध्येच बंद होतो. ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं, शांत झोपला. पण छाती आणि पोट हलत राहतं, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते आणि हवा मात्र कुठून जात-येत नसते. मग एक मोठा उसासा, अंग झटकून कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं. व्हिडिओवरून निदान होत नाही. पण समोरच्या डॉक्टरला घाई करायला हवी की नाही, हे त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायातल्या सहकाऱ्यांसाठी. तारा लावण्याआधी आपण चेहऱ्याचा बाजूनं एक्स-रे काढतो. दातांचे आणि जबड्यांचे कोन मोजण्यासाठी तो असतो. पण त्याच फिल्मवर नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला ॲडेनॉइडची सावली दिसते. मूल जागं आणि ताठ उभं असताना काढलेली ती सपाट प्रतिमा आहे, तिच्यावरून झोपेतलं काही ठरवता येत नाही, हे मान्य. पण सावलीनं वाट जवळजवळ बुजवलेली दिसत असेल तर तिच्याकडे काणाडोळा करून फक्त दातांचे कोन मोजणं मला पटत नाही. या मुलाच्या फिल्मवर ती ठळक होती. मी त्यांना चिठ्ठी देऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नाकात दुर्बीण घालून तपासलं, आधी काही आठवडे नाकात मारायचा फवारा दिला, त्यानं पुरेसा फरक पडेना म्हणून ॲडेनॉइड आणि टॉन्सिल काढले.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरून आल्यावर आई मला म्हणाली की सुरुवातीला ती रात्री दोन-तीनदा उठून त्याच्या नाकापुढं बोट धरायची. घोरण्याच्या आवाजाची इतकी सवय झालेली, की आवाज नाही म्हणजे श्वास चाललाय ना, हीच भीती. पुढं अंथरूण ओलं होणंही कमी झालं. दात मात्र आपसूक मागं गेले नाहीत, अरुंद टाळूही आपोआप रुंदावला नाही. ते काम आमचं होतं आणि ते आम्ही त्यानंतर हाती घेतलं.

नाक बंद असलं की जबडा बिघडतो का, हा प्रश्न नवा नाही. कोपनहेगनमधल्या विल्हेल्म मेयर यांनी नाकामागच्या या वाढलेल्या गाठींचं वर्णन १८६८ साली केलं. गेल्या शतकात स्वीडनमधल्या लिंडर-आरोन्सन यांनी अशा मुलांच्या चेहऱ्यांची आणि दातांची मापं घेतली. ईगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बुजवून पाहिली, तेव्हा त्यांचे जबडे आणि दातांची बैठक बदलली; पण प्रत्येक माकडात सारखी नाही. ज्यानं जसं तोंड उघडं ठेवायची सवय लावून घेतली तसा त्याचा जबडा घडला. यातून मी जे समजते ते असं : जीभ टाळूला टेकलेली असते तेव्हा आतून वरच्या दातांना आधार मिळतो. तोंडानं श्वास घ्यायचा तर जीभ खाली राहते, गालांचा दाब बाहेरून चालूच असतो, आणि वाढत्या वयात वरचा जबडा अरुंद होत जाण्याची शक्यता वाढते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तोंड उघडं ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाचे दात पुढं येत नाहीत आणि पुढं आलेल्या प्रत्येक दातामागं श्वासाचा आजार नसतो. जाहिरातीत एवढं लिहायला जागा नसते.

आता जबडा रुंद करण्याच्या त्या स्क्रूबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच आहे. 'नवं तंत्रज्ञान' म्हणून जे विकलं जातं ते १८६० चं आहे. अमेरिकेतल्या इमर्सन एंजल नावाच्या दंतवैद्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून वरचा जबडा मधोमध रुंद केला होता. शंभर वर्षं ते मागं पडलं आणि १९६० च्या सुमारास अँड्र्यू हास यांनी पुन्हा वापरात आणलं. वरचा जबडा दोन भागांचा असतो, मध्ये सांधा असतो आणि तो साधारण किशोरवयाच्या उत्तरार्धापर्यंत पक्का होतो, कोणाचा आधी, कोणाचा उशिरा. त्याआधी दाढांना धरून टाळूत स्क्रू बसवला आणि रोज चावीनं थोडा थोडा फिरवला, तर सांधा उघडतो आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. चावी एकदा फिरवली की साधारण पाव मिलिमीटर. रात्री जेवण झाल्यावर मुलाला मांडीवर झोपवून आईनं किंवा वडिलांनी चावी फिरवायची. काही दिवसांतच पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पालक धावत येतात. सांगितलेलं असलं की आजीसुद्धा फट मोजत बसते. ती फट पुढच्या काही महिन्यांत बहुतेक आपोआप मिटते. स्क्रू मात्र फिरवणं थांबल्यावरही सहाएक महिने जागेवर ठेवावा लागतो, नाहीतर मिळवलेलं निसटतं.

याचा नाकाशी संबंध काय? टाळू म्हणजे नाकाच्या पोकळीची जमीन. माडीची जमीन रुंद झाली तर माडीवरची खोली रुंद होणारच. त्यामुळे नाकातून हवा जाण्याचा अडथळा कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. २००४ साली इटलीतल्या डॉक्टरांनी आणि झोपेच्या वैद्यकाचे एक आद्य अभ्यासक क्रिस्तियाँ गिल्मिनो यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेत श्वास अडणाऱ्या ३१ मुलांचा जबडा याच पद्धतीनं रुंद केला होता. तासाला सरासरी बारा वेळा अडणारा श्वास एकापेक्षाही कमी वेळा अडू लागला. हा आकडा जाहिरातींमध्ये फिरतो. पण त्या मुलांचे जबडे मुळात अरुंद होते आणि त्यांचे ॲडेनॉइड वाढलेले नव्हते, ही अर्धी गोष्ट जाहिरातीत कोणी घालत नाही. जिथं वाट गाठींनी बुजली आहे तिथं जमीन रुंद करून काय होणार?

एका मुलीच्या बाबतीत हेच झालं. दुसऱ्या गावातल्या एका दवाखान्यात तिच्या आईवडिलांना सांगितलं गेलं की जबडा रुंद केला की घोरणं जाईल, घसा दाखवायची गरज नाही. पैसे हप्त्यानं भरले. स्क्रू बसला, फिरवला, काढला. घोरणं तसंच. माझ्याकडे आल्यावर मी तिला 'आ' करायला लावलं, तर दोन्ही टॉन्सिल मधोमध एकमेकांना टेकलेले. टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी यापलीकडे हे बघायला काही लागत नाही. मधल्या काळात त्या मुलीचं वजन वाढलं नव्हतं आणि ती वर्गात मागे पडली होती. मला त्या दवाखान्याचं नाव इथं काढायचं नाही. पण वाढत्या वयातलं वर्ष परत देता येत नाही, याचा मला राग आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही.

टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढण्याचा उपयोग किती होतो, याचा चांगला अभ्यास झालेला आहे. २०१३ साली अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांची शस्त्रक्रिया लवकर केली, अर्ध्यांची फक्त देखरेख. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुधारून नेहमीसारखी आली, नुसत्या देखरेखीतल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. म्हणजे काही मुलं शस्त्रक्रियेविनाही सुधारतात आणि काही शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सुधारत नाहीत. लक्ष देण्याच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. वागणूक, झोप आणि एकंदर जगणं मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांचं अधिक सुधारलं. हे पालकांना जसंच्या तसं सांगायला हवं. कोणती मुलं थांबू शकतात आणि कोणती नाहीत हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, रात्रभराची झोपेची तपासणी लागते. ती सोय आज मोठ्या शहरांतच आहे, आणि लहान मुलांची तपासणी करण्याचा सराव असलेली ठिकाणं त्याहून कमी. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांत जो अडथळा उरतो, तिथं अरुंद जबडा हे एक कारण असू शकतं. आमची गरज तिथं आहे, आणि त्या जागी आमचं काम खरोखर मोलाचं आहे.

दात काढण्याच्या भीतीबद्दल थोडक्यात. दाटीवाटी फार असेल तर आम्ही चार उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्यामधले दात, काढून जागा करतो. एक आई मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, ह्यानं पोरीचा श्वास कोंडंल म्हणत्यात." २०१५ साली अमेरिकेत साडेपाच हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्यांच्या चारही बाजूंच्या उपदाढा नव्हत्या, निम्म्यांच्या होत्या. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणण्यासारखा फरक नाही. अमेरिकेतल्या तारा लावणाऱ्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०१९ मध्ये या सगळ्या विषयावर निवेदन काढलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : दात काढल्यानं हा आजार होतो असा पुरावा नाही, हा आजार पुढं होऊ नये एवढ्यासाठी म्हणून कोणाचा जबडा रुंद करू नये, आणि निदान करण्याचा अधिकार वैद्यकीय डॉक्टरचा आहे, दंतवैद्यानं संशय घ्यावा, विचारावं आणि पाठवावं. माझ्याच व्यवसायाच्या संघटनेनं आपली हद्द अशी आखून घेतली, याचा मला अभिमान वाटतो.

ओठांवरच्या चिकटपट्टीबद्दल मला सौम्य शब्द सापडत नाहीत. ज्या मुलाचं नाक बुजलेलं आहे म्हणून ते तोंडानं श्वास घेतं, त्याचं तोंड बंद करू नका. ते तोंड उघडतं कारण दुसरी वाट नाही. जीभ टाळूला दाबून चेहरा बदलण्याच्या नादात आमच्याकडची कॉलेजची मुलं आहेत. त्यानं हाडं सरकतात असा पुरावा मला कुठंही मिळालेला नाही. नाक मोकळं झाल्यानंतर ओठ मिटून ठेवण्याचे, जिभेचे व्यायाम आम्हीही शिकवतो, पण उपचाराला जोड म्हणून.

मोठ्यांचं वेगळं आहे. मुंबईत पस्तीस ते पासष्ट वर्षांच्या पुरुषांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात साडेसात टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडणं आणि त्यामुळे दिवसा पेंग येणं, दोन्ही आढळलं. म्हणजे मुलाला घेऊन आलेल्या वडिलांमध्येही कोणाला ना कोणाला हे असणार. त्यांनी दातांच्या दवाखान्यात खालचा जबडा पुढं धरणारी पट्टी थेट मागू नये. ती सौम्य आणि मध्यम आजारात खरंच उपयोगी पडते, पण झोपेची तपासणी करून डॉक्टरनं सांगितल्यावर. तीव्र आजाराला रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र हाच आजही मुख्य उपाय आहे; सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली वापरात आणलं. रात्रीची मोटार चालवणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये.

आमच्या गावाचं एक वेगळं दुखणं आहे. इथं घराला लागून कारखाने आहेत. मागांवरचे सुताचे तंतू आणि धूळ घरात येते, अंथरुणावर बसते. त्यात ज्या मुलांना धुळीचं वावडं, त्यांची नाकं बारा महिने चोंदलेली. 'याला सर्दीचाच कोठा आहे' म्हणून ते सोडून दिलं जातं. कोणत्या शाळेत अशी किती मुलं आहेत हे कोणी मोजलेलं नाही, कारण कोणी विचारतच नाही.

म्हणून आरोग्य खात्याला माझी विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. पथकात एक महिला आणि एक पुरुष डॉक्टर असतात, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. तपासायच्या आजारांच्या राष्ट्रीय यादीत दातांची कीड आहे, कानाचा संसर्ग आहे, दमा आहे. झोपेतला श्वास नाही. नवं यंत्र नको, नवं पद नको, नवा निधी नको. तपासणीच्या आदल्या दिवशी मुलाच्या वहीत एक चिठ्ठी घरी पाठवायची आणि तीन प्रश्नांची उत्तरं पालकांकडून आणायची : आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरतो का? झोपेत श्वास थांबून दचकून पुन्हा सुरू होतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का? पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टॉर्च घेऊन घसा पाहायचा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (याच कार्यक्रमाचं पुढच्या तपासणीचं केंद्र) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाकडे पाठवायचं. वर्गात कोण पेंगतं आणि कोण एका जागी बसत नाही, हे शिक्षकांना ठाऊकच असतं. त्यांना फक्त सांगायला हवं की हे आळशीपणाचं किंवा मस्तीचंच असेल असं नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, आणि त्याच शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही. दंत महाविद्यालयात तारा लावायला आलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर पहिल्या पानावर हेच तीन प्रश्न छापले, तर तिथं शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याला विचारायची सवय लागेल. खासगी दवाखान्यांतही ते व्हावं. आणि दंतवैद्यांच्या आचारसंहितेत जाहिरातीवर जे निर्बंध आहेत, ते 'घोरणं कायमचं बंद' लिहिणाऱ्या पाट्यांनाही लावावेत.

शाळांनी सरकारी आदेशाची वाट बघायचं कारण नाही. तीन प्रश्नांची चिठ्ठी मी मराठीत तयार केली आहे, कन्नड आणि हिंदीतही करून घेतली आहे, कारण आमच्याकडे मागावर काम करायला आलेली बरीच कुटुंबं त्या भाषा बोलतात. इचलकरंजी, शिरोळ, हातकणंगले भागातल्या ज्या मुख्याध्यापकांना ती हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता आपल्याकडे आहे. लागतील तेवढ्या प्रती मी छापून शाळेत पोचवेन, आणि पालकसभेत बोलायला बोलावलं तर रविवारी येईन.

आपली,
एक दंतवैद्य, इचलकरंजी